रुमालाखालचा भाव : मराठवाड्याच्या बाजारातली बोलण्याची रीत



'वेगवेगळ्या संस्कृतींमधला व्यापारी शिष्टाचार आणि स्पष्ट संवाद' असा विषय आयोजकांनी मला दिला. या विषयावर आज पुष्कळ पुस्तकं मिळतात. जपानी माणसाला भेटीचं कार्ड दोन्ही हातांनी द्या, जर्मन माणसाकडे वेळेवर जा, अमेरिकन माणसाशी थेट मुद्द्याचं बोला, असं त्यांत असतं. ते चूक नाही. पण ते वाचताना वाटतं, की परक्या माणसाशी सौदा करणं ही आपल्याला विमानतळं झाल्यावर सुचलेली गोष्ट आहे. नांदेड-लातूरच्या माणसाला तरी असं वाटायला नको. आपल्या बाजारात शंभर वर्षांपूर्वी एका पोत्यामागे चार भाषा, तीन पंचांगं आणि दोन नाणी उभी असायची. म्हणून आज मी हा विषय आपल्याच मोंढ्यात नेऊन बघणार आहे.

आधी त्या बाजाराचं चित्र डोळ्यांपुढं आणू. लातूरची गंजगोलाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. १९१७ सालची ही रचना फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची. त्याआधी, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली होती. हे बार्शी-लातूर प्रकरण फार महत्त्वाचं आहे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या मुलखात. म्हणजे आज आपण ज्याला परदेशी व्यापार म्हणू, तो त्या छोट्या गाडीतून रोज चालला होता. मध्ये करोडगिरीचं नाकं, म्हणजे निजामाची जकात. तिकडं नांदेड मनमाड-हैदराबाद रेल्वेवर. नांदेडात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचं निर्वाण झालं, तेव्हापासून पंजाबशी नातं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कानडी. पेढीवर मारवाडी आणि गुजराती, दुकानात लिंगायत वाणी, कचेरीत उर्दू, आणि माल घेऊन आलेला शेतकरी मराठी बोलणारा.

आता एवढ्या लोकांनी एकमेकांना नमस्कार तरी कसा करायचा? तो प्रत्येकाला येत होता. समोरचा लिंगायत असेल तर 'शरणू शरणार्थी', मुसलमान असेल तर 'सलाम', शीख असेल तर 'सत श्री अकाल', बाकीच्यांना 'रामराम'. संबोधनंही तशीच. आप्पा, अण्णा, शेटजी, मालक, मामू, सरदारजी. हे कुणी शिकवणीत शिकवलं नव्हतं. दुकानात पोरगं गादीच्या कडेला बसायचं आणि ऐकून ऐकून शिकायचं.

शब्दांचंही तसंच. दुकान, बाजार, हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, दलाल, नमुना. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात 'राजव्यवहारकोश' झाला, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्याचं महत्त्व वेगळं. पण बाजारानं आपले शब्द सोडले नाहीत, कारण बाजारात शब्द दोघांना कळावा लागतो. एकट्याचा शुद्ध शब्द तिथं चालत नाही. उलट दिशेनंही देवाणघेवाण झालीच. दखनीतलं 'नक्को' हे आपलं 'नको'च आहे.

पण शब्द सारखा असला म्हणजे अर्थ सारखा असतो असं नाही. नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे. कुणी म्हणालं, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंध देशातला घोडा. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. वाक्य समजायला चार गोष्टी लागतात असं न्यायशास्त्र सांगतं. आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य. पहिल्या तीन वाक्यातच सापडतात. चौथी, तात्पर्य, बोलणाऱ्याच्या मनात असते आणि ऐकणाऱ्यानं ती प्रसंगावरून ओळखायची असते. परक्या माणसाशी बोलताना घोटाळा होतो तो बहुतेक वेळा या चौथ्या ठिकाणी.

मराठवाड्यातलं सैंधव कोणतं, तर 'रुपया'. निजामाचा रुपया हाली सिक्का, इंग्रजांचा रुपया कलदार. सरकारी दरानं १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत, सहा कलदारला सात हाली. आता बार्शीचा व्यापारी लातुरात येऊन म्हणाला, 'साठ रुपये.' कोणते साठ? कलदार असतील तर हालीत सत्तर झाले. शेतकऱ्याला वाटलं हाली, आणि आडत्याला ठाऊक होतं कलदार, तर मधले दहा रुपये कुणाच्या खिशात गेले? इथं कुणीच खोटं बोललेलं नाही. फक्त एक शब्द कमी बोलला गेला.

तारखेचंही तसंच. निजामाच्या कचेरीत फसली सन, त्यात ५९० मिळवले की इसवी सन. गुजराती-मारवाडी पेढीचं नवं वर्ष दिवाळीनंतर. शेतकऱ्याचं वर्ष पाडव्याला. 'पुढच्या वर्षी फेडीन' म्हणजे केव्हा? आणि हिंदी-उर्दूतलं 'कल'! मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत, उर्दूत दोन्ही 'कल'. 'कल पैसा दिया' आणि 'कल पैसा देगा' यात फरक फक्त क्रियापदाचा. मोडकंतोडकं बोलणाऱ्याचं क्रियापदच आधी ढासळतं, हे तुम्हाला माहीत आहे.

मग या लोकांनी काय केलं? मला हे फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी बोलण्याचे दोन भाग केले. माणसाशी बोलताना आडवळण, आणि रकमेशी बोलताना सरळ रेघ.

आडवळणाची उदाहरणं तुमच्या घरात आहेत. दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. माप घालताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. नकार द्यायचा तर 'नाही' कुणी म्हणत नाही. 'बघू', 'सांगतो', 'एकदा घरी विचारतो'. ऐकणाऱ्याला कळतं की काम झालेलं नाही, आणि उद्या पुन्हा तोंडाला तोंड द्यायला वाट उरते. जुन्या पत्राचं वळणही तसंच. आधी मायना, मग कृतानेक नमस्कार, मग क्षेमकुशल, मग 'विशेष', म्हणजे खरं काम, आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. कुणाला कोणता मायना लिहावा याचं एक शास्त्रच होतं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर 'मेस्तक' नावाचं अशा लेखनपद्धतीचं प्रकरण सांगितलं जातं. देवगिरी म्हणजे आपलाच मराठवाडा.

आणि सरळ रेघ पाहायची असेल तर हुंडी पाहा. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर तिचे निमे किती तेही लिहायचं. म्हणजे रुपये हजार, अक्षरी एक हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट पूर्ण. कुणी एक शून्य वाढवलं तर निमे जुळत नाही, चोरी लगेच उघडी पडते. हुंडी दाखवताक्षणी द्यायची की मुदतीनं, ते नावातच. दर्शनी किंवा मुदती. हुंडी हरवली तर दुसरी पाठवायची ती पैठ, तीही हरवली तर परपैठ. अशी पेढी एका शहरातून दुसऱ्या शहरातल्या कधी न पाहिलेल्या माणसावर रक्कम सोपवत होती.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ च्या 'बियाँड कल्चर' या पुस्तकात काही संस्कृती संदर्भावर भर देणाऱ्या आणि काही शब्दावर भर देणाऱ्या अशी मांडणी केली. तिच्यात आपण संदर्भवाले ठरतो. मला ही मांडणी आपल्या बाजारापुरती अपुरी वाटते. आपला पेढीवाला सकाळी 'बघू' म्हणत होता आणि दुपारी निमे-दुप्पट लिहीत होता. माणूस तोच, गादी तीच. कुठं संदर्भावर सोडायचं आणि कुठं शब्दात बांधायचं, हे त्याला ठाऊक होतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, वा, काय आपले पूर्वज! इथंच मला थांबवायचं आहे तुम्हाला. हे सगळं स्पष्ट होतं, पण कुणासाठी स्पष्ट होतं? व्यापाऱ्याला व्यापाऱ्याचं कळत होतं. पण पोत्यावर बसलेल्या शेतकऱ्याचं काय?

आता रुमालाकडे येऊ. शेतकरी माल घेऊन आडतीवर यायचा. खरेदीदार यायचे. आडत्या हातावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकायचा. एकेक खरेदीदार त्या रुमालाखाली हात घालून आडत्याची बोटं दाबायचा. किती बोटं, तेवढा आकडा. आणे की रुपये, ते प्रसंगावरून कळायचं. सगळ्यांचे हात झाले की आडत्या सांगायचा, माल अमक्याला गेला. याला हत्ता पद्धत म्हणत. बोटांच्या या भाषेला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, करपल्लवी.

शिष्टाचार म्हणून बघाल तर या पद्धतीत दोष काढणं अवघड. भाषा लागत नाही. तेलुगू, कानडी, मारवाडी, सगळ्यांना दहाच बोटं. कुणी कमी बोलला तर चारचौघांत त्याची शोभा होत नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चीनमध्ये बाहीच्या आत हात घालून असेच सौदे होत, सोमालियाच्या गुरांच्या बाजारातही होतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा बैलबाजारात, लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या गर्दीत, असा झाकलेला हात तुम्हीही पाहिला असेल.

पण बैलबाजारात निदान मालक स्वतः बोटं दाबतो. आडतीवर रुमालाखाली हात कुणाचा होता? आडत्याचा आणि खरेदीदाराचा. ज्यानं वर्षभर राबून तो कापूस, ती तूर पिकवली, त्याचा हात रुमालाबाहेर. सर्वांत मोठी बोली कुणाची होती, आडत्यानं सांगितलेला भाव खराच सगळ्यांत वरचा होता का, हे त्याला कधीच कळायचं नाही. वर आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशा कपाती. पट्टी मोडीत लिहिलेली. कागद कचेरीत गेला तर उर्दूत. याला ना मोडी येई ना उर्दू, हा अंगठा लावणार. अपमान कुणी केलेला नसायचा, 'बसा पाटील, चहा घ्या' हेही व्हायचं. अगदी सभ्यपणे त्याला त्याच्याच व्यवहारातून बाहेर ठेवलं जात होतं.

या गुप्ततेला शब्दही होते. मराठी व्यापाऱ्यांची एक सांकेतिक बोली होती, तिला नंदभाषा म्हणतात. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा, काटी वीस. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन व्यापारी त्याच्यादेखत भाव बोलत आणि त्याला पत्ता लागत नसे.

आणि आता मराठवाड्यातली एक विलक्षण गोष्ट. औंढा नागनाथचे विसोबा खेचर, नामदेवांचे गुरू. परंपरेत त्यांना विसोबा चाटीही म्हणतात, चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. त्यांच्या नावावर एक अभंग आहे, तो या नंदभाषेत आहे. विषय शंकर. पाच मुखं सांगायला मुळू, तीन डोळ्यांना उधानू, दहा हातांना अंगुळू. चार वेद थकले, सहा शास्त्रं गोंधळली, तेही पोकू आणि शेलीच्या हिशेबानं. शेवटी दोन हात जोडतात, ते अवारू.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे या अभंगाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो. जी बोली गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून जन्मली, ती या माणसानं अभंगात घातली. अभंग म्हणजे काय, तर चारचौघांत गायची गोष्ट. शब्द तेच राहिले, पण आता ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं नव्हतं. त्याला कोडं घालून आत घ्यायचं होतं. पाच कुणाची, तीन कशाचे, हे ज्याला शंकर माहीत आहे तो ओळखणार, आणि ओळखता ओळखता व्यापाऱ्याची गुप्त भाषाही शिकून जाणार. विसोबांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र असाच होतो. आज नंदभाषेचे शब्द आपल्यापर्यंत आले त्यात या अभंगाचा वाटा मोठा आहे.

रुमाल मात्र अभंगानं निघाला नाही, त्याला कायदा लागला. सुरुवात आपल्या शेजारीच झाली. वऱ्हाडात, कारंज्याला, १८८६ मध्ये. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार इंग्रजांचा. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं तिथला कापूस बाजार नियंत्रणाखाली आला. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. शेतकऱ्याची कणव आली म्हणून हे झालं असं समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना रास्त भावात चांगला कापूस हवा होता. पुढे १९२८ मध्ये शेतीवरच्या रॉयल कमिशननं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि १९३० मध्ये हैदराबाद संस्थानानं आपला शेतमाल बाजार कायदा केला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, शेर-मणाच्या जागी किलो-क्विंटल आले, हाली-कलदारचा घोळ संपला. १९६३ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला.

या सगळ्या सुधारणांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. भाव मोठ्यानं बोला. उघड लिलाव करा, परवाना असलेल्या मापाड्यानं मापा, कपाती आधी ठरवा, पट्टी लिहून द्या. बाजार समितीतल्या लिलावाचा गलका ऐकून शहरी माणूस नाक मुरडतो, काय हा आरडाओरडा म्हणतो. मला तो गलका सभ्य वाटतो. रुमालाखालच्या शांततेपेक्षा सभ्य. कारण तो शेतकऱ्याला ऐकू येतो.

बाजार समित्यांत आता सगळं आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. व्यापारी आधीच आपसात ठरवून आले तर उघड लिलावही रुमालच होतो. ज्यांचं तिथं जाणं-येणं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पण लढाई कशासाठी होती ते विसरू नये.

आता आजच्या मुलांकडे येऊ. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचे साहेब जर्मनीत. साहेबांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? हा म्हणाला, 'येस, आय विल ट्राय.' त्याच्या मनात होतं आपलं 'बघतो'. म्हणजे होणं कठीण आहे. साहेबांनी ऐकलं 'येस'. शुक्रवारी दोघंही दुखावले. मुलाला वाटलं, मी सांगितलं होतं. साहेबांना वाटलं, यानं शब्द मोडला. हे पुन्हा सैंधवच. मी त्याला सांगितलं, तू तुझा स्वभाव बदलू नकोस, नमस्कार-चमत्कार कर, पण तारीख आली की हुंडी लिहितोयस असं समज. किती काम, केव्हा, आणि नाही झालं तर केव्हा कळवशील. निमे आणि दुप्पट. त्या साहेबांनाही कुणी तरी सांगायला हवं, की 'बघतो' म्हणणारा माणूस लबाड नसतो, तो तुमचं तोंड राखत असतो. समजून घेण्याचं सगळं ओझं आपल्याच मुलांनी का वाहायचं?

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आज आपल्या शेतकऱ्याला पीकविम्याचा, कर्जाचा कागद मिळतो, तो कुठल्या भाषेत असतो? बारीक अक्षरात, न कळणाऱ्या इंग्रजीत किंवा त्याहून न कळणाऱ्या सरकारी मराठीत. मोबाईलवर 'सहमत आहे' या चौकोनावर बोट ठेवायचं. आधी अंगठा होता, आता बोट. स्पष्ट बोलणं याला आपण कौशल्य म्हणतो, त्याचे वर्ग चालवतो, फी घेतो. माझ्या मते तो आधी न्यायाचा प्रश्न आहे. व्यवहाराचा परिणाम ज्याला भोगायचा आहे, त्याला तो व्यवहार कळला पाहिजे.

इथं मी थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, व्यापारात थोडी गुप्तता लागतेच ना? सगळंच उघड केलं तर धंदा कसा होणार?

उत्तर : लागते. तुम्ही माल कितीला घेतला हे गिऱ्हाइकाला सांगायला तुम्ही बांधलेले नाही. तो तुमचा व्यवहार. पण आडत्या शेतकऱ्याच्या वतीनं उभा असतो. त्यानं शेतकऱ्याच्याच मालाचा भाव शेतकऱ्यापासून लपवायचा, हे वेगळं. गुप्तता कुणापासून आहे ते विचारा. प्रतिस्पर्ध्यापासून असेल तर तो धंदा. ज्याच्यासाठी तुम्ही काम करता त्याच्यापासून असेल तर त्याला दुसरं नाव आहे.

प्रश्न : नवीन मुलांनी नंदभाषा शिकावी का?

उत्तर : (हसून) शिकावी की. पाच मिनिटं लागतात. पण शिकली की विसोबांसारखी वापरावी, चारचौघांत, अर्थ सांगून.